कमला खान आणि आमच्या मुली

सुपरहिरो म्हटलं की डोळ्यांसमोर एक ठराविक चित्र येतं. उंचापुरा, गोरा, रुंद छातीचा पुरुष आणि पाठीवर फडफडणारी झूल. तो बाई असला, तर अंगावर कपडा जेमतेम आणि केस सोनेरी. आमच्या लहानपणी दूरदर्शनवर 'शक्तिमान' लागायचा. 1997 साली तो सुरू झाला तेव्हा आमच्या मोहल्ल्यातली सगळी पोरं गोल गोल फिरून चक्कर येऊन पडत. आम्ही मुली बघत असू. फिरायचं मुलांनी, बघायचं मुलींनी, हे कुणी शिकवलं नव्हतं, तरी ते ठरलेलं होतं.

मुसलमान माणूस परदेशी गोष्टींत येई तो बहुतेक वेळा वाळवंटातून, हातात बंदूक घेऊन. मुसलमान बाई आली तर तिला कुणीतरी सोडवायचं असे. ती स्वतः कुणाला सोडवील, ही कल्पना लिहिणाऱ्यांना सहसा सुचली नाही. आपल्या इतिहासात चांदबीबी आहे. 1595-96 च्या मोगल वेढ्यात अहमदनगरचा किल्ला तिने लढवला, हे मी वर्गात शिकवते तेव्हा मुली कान टवकारतात. पण ती सुलताना. तिच्या हाताखाली फौज होती. बँकेत कारकुनी करणाऱ्याच्या किंवा कुवेतला गेलेल्या ड्रायव्हरच्या मुलीने चांदबीबीकडे बघून काय करावं?

म्हणून माझ्या भावाने मुंबईहून एक इंग्रजी कॉमिक आणून दिलं आणि ‘ही तुझ्या कामाची आहे’ म्हणाला, तेव्हा मी ते उत्सुकतेने उघडलं. मुखपृष्ठावरच्या मुलीचं नाव होतं कमला खान. ‘मिस मार्व्हल’ ती हीच.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका गावात उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. कमलाची गोष्ट मी आठवीच्या मुलींना सुट्टीच्या तासाला माझ्या उर्दूत सांगितली. नाव ऐकताच पहिल्या बाकावरून प्रश्न आला, "टीचर, ये कमला हिंदू है क्या?" दुसरी म्हणाली, "तो फिर खान कैसे?"

प्रश्न अगदी रास्त होता. मराठी कानाला कमला म्हणजे कमळ, लक्ष्मी. आमच्या गावात दोन कमलाताई आहेत आणि दोघी देवळाकडच्या वाडीतल्या. पण या मुलीचं नाव अरबी ‘कमाल’वरून आलं आहे. कमाल म्हणजे परिपूर्णता. कॉमिकमध्ये तिचे अब्बू युसुफ तिला एकदा जवळ बसवून सांगतात की मोठ्या भावानंतर आणखी मूल होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि मग तू आलीस, म्हणून हे नाव. दुसऱ्या कुणासारखं व्हायची तुला गरज नाही, असंही ते सांगतात. उर्दूत आपण ‘कमाल है!’ म्हणतो तेव्हा त्यात आश्चर्यही असतं. 2022 च्या मालिकेत या दुसऱ्या अर्थाचा उपयोग केला आहे. कमाल म्हणजे अचंबा, आणि इंग्रजीत मार्व्हल म्हणजेही तेच. एकाच शब्दात हिंदूंचं कमळ, अरबांची परिपूर्णता आणि अमेरिकेचा अचंबा! भाषा शिकवणाऱ्या माझ्यासारखीला हे गोड वाटणारच.

आता तिची कुळकथा. न्यूयॉर्कच्या समोर, हडसन नदीच्या पलीकडे जर्सी सिटी नावाचं शहर आहे. तिथे राहणाऱ्या पाकिस्तानी कुटुंबातली ही सोळा वर्षांची मुलगी. अब्बू बँकेत नोकरीला, अम्मी मुनीबा घर सांभाळणारी आणि सतत काळजी करणारी. भाऊ आमिर इबादतीत रमलेला. नोकरीचं बघत नाही म्हणून अब्बू त्याच्यावर चिडतात. घरात उर्दू, शाळेत इंग्रजी. तिची जिवलग मैत्रीण नाकिया तुर्की वंशाची आहे. नाकिया स्वतःच्या मर्जीने हिजाब बांधते, कमला बांधत नाही. या एका मुद्द्यावर आपल्याकडे घरं तुटतात, चॅनेलवाल्यांचे कार्यक्रम चालतात. या दोघी एका बाकावर बसून डबा खातात.

2013 साली दुसऱ्या एका नायिकेच्या अंकात कमलाचं ओझरतं दर्शन झालं आणि फेब्रुवारी 2014 मध्ये तिच्या स्वतःच्या नावाचा अंक निघाला. मार्व्हल कंपनीच्या इतिहासात स्वतःचं कॉमिक असलेली ती पहिली मुसलमान व्यक्तिरेखा. तिच्यामागे दोन बायका आहेत. एक संपादक सना अमानत. न्यू जर्सीत वाढलेली, पाकिस्तानी आईवडिलांची मुलगी. आपल्या लहानपणच्या गमती ती स्टीफन वॅकर या सहकाऱ्याला सांगत होती, त्यातून ही कल्पना निघाली. दुसरी लेखिका जी. विलो विल्सन. ही अमेरिकन बाई तरुणपणी मुसलमान झाली, काही वर्षं कैरोत राहिली. चित्रं एड्रियन अल्फोना यांची, पोशाखाचं रेखाटन जेमी मॅकेल्वी यांचं. पहिल्या अंकांच्या संग्रहाला 2015 मध्ये ह्यूगो पुरस्कार मिळाला, 2016 मध्ये फ्रान्समधल्या अंगुलेमचाही.

पहिल्या अंकाची सुरुवातच मजेदार आहे. दुकानात डुकराच्या मांसाचा सँडविच ठेवला आहे आणि कमला त्याचा नुसता वास घेते आहे. खात मात्र नाही. माझ्या मुली ‘तौबा तौबा’ करत खो खो हसल्या. त्या हसण्यात ओळख होती. जत्रेतल्या पाळण्याकडे लांबून बघणाऱ्या, शेजारच्या वाडीतल्या लग्नात नाचावंसं वाटून चुळबुळणाऱ्या या मुलींना हद्दीवर उभं राहणं ठाऊक आहे.

मग एका रात्री कमला घरच्यांनी नको म्हटलं असताना खिडकीतून उतरून नदीकाठच्या पार्टीला जाते. तिथे तिला फसवून रसात दारू देतात. ती थुंकून टाकते आणि रागाने निघते. वाटेत एक गूढ धुकं शहरावर उतरतं. त्या धुक्यात तिला तिच्या आवडत्या नायिकेचं, कॅप्टन मार्व्हल कॅरल डॅनव्हर्सचं, दर्शन होतं. आणि ही सोनेरी केसांची बाई बोलते काय? हजरत अमीर खुसरोंचं वसंताचं, मोहरीच्या फुलांचं गीत! सातशे वर्षांपूर्वीचा आपला खुसरो अमेरिकेच्या कॉमिकमध्ये असा भेटेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

काय व्हायचं आहे, असं विचारल्यावर कमला सांगते की मला तुझ्यासारखं व्हायचं आहे. तिला सुंदर, ताकदवान आणि बिनगुंत्याची व्हायचं आहे. तिची दुआ कबूल होते. धुकं ओसरतं तेव्हा ती हुबेहूब कॅरल झालेली असते. गोरी, सोनेरी, तोकड्या कपड्यांतली. आणि ते तिला सोसत नाही. केस तोंडावर येतात, कपडा काचतो, बूट बोचतात. एवढ्यात तिची टिंगल करणारी झोई नावाची मुलगी पाण्यात पडते. तेव्हा कमलाला अब्बू नेहमी सांगतात ती सूरह माइदामधली आयत आठवते, एक जीव वाचवण्याला साऱ्या माणुसकीला वाचवण्याचा दर्जा देणारी. ती हात घालते. हात प्रचंड मोठा होतो आणि झोई बाहेर येते.

हा प्रसंग मी वर्गात दोनदा सांगितला. आमच्या मुलींना गोरेपणाच्या क्रीमची नावं पाठ असतात. लग्नाच्या बोलण्यात पहिला प्रश्न रंगाचाच येतो. दुसऱ्याचं रूप मिळूनही सुख न मिळालेली मुलगी त्यांना प्रथमच भेटत होती.

तिचं स्वतःचं रूप मग हळूहळू घडतं. गव्हाळ रंग, काळेभोर केस, ठळक नाक, मध्यम बांधा. पोहण्यासाठी घेतलेली बुरकिनी असते, त्यातूनच ती पहिला पोशाख तयार करते. निळा, गुडघ्यावर येणारा कुर्त्यासारखा झगा, त्यावर विजेची खूण, आत लाल बाह्या आणि लाल विजार, डोळ्यांवर लहानसा मुखवटा, हातात कडं आणि गळ्यात लांब लाल ओढणी. सुपरहिरोची झूल ती हीच. ब्रुनो हा तिचा वर्गमित्र तिच्या अंगाबरोबर ताणलं जाईल असं कापड तयार करून देतो. मालिकेत हा पोशाख अम्मीच शिवून हातात ठेवते. मला मालिकेतला हा बदल फार आवडला. आपल्याकडे मुलीचे कपडे हा घरातला मोठा तंटा असतो. तो आईच्या सुईदोऱ्याने मिटावा, यापेक्षा चांगलं काय?

मार्व्हलच्याच कॉमिकमध्ये 2002 साली ‘डस्ट’ नावाची अफगाण मुलगी आली होती. नखशिखांत काळ्या अबायात, वाळूचं वादळ होऊ शकणारी. तीही शूर होती. पण वाचणाऱ्याला तिच्या अबायापलीकडचं फारसं दिसलं नाही. कमलाचं घर दिसतं. जेवणाचं टेबल, अम्मीचं ओरडणं, अभ्यासाची कटकट, सगळं दिसतं. आपल्याला लोकांनी माणूस म्हणून बघावं असं वाटत असेल, तर आपलं घर दिसावं लागतं.

तिचा स्वभाव सांगायचा तर ती चुकते, खोटं बोलते, रागावते, वेंधळेपणा करते. सुपरहिरोंवर गोष्टी लिहून ठेवायचा तिला नाद आहे. तिची शक्ती म्हणजे अंग ताणणं, वाढवणं, आक्रसणं. ही शक्ती वापरली की तिला सपाटून भूक लागते. मशिदीतल्या प्रवचनात मुली पडद्यामागे बसतात, तेव्हा आम्हाला काही दिसत नाही, असं ती शेख अब्दुल्लांना थेट विचारते. पुढे रात्री-अपरात्री बाहेर राहते म्हणून घरचे तिला याच शेखसाहेबांकडे पाठवतात. ती शिव्या खायच्या तयारीने जाते. लोकांना मदत करते आहे, इतकंच ती सांगू शकते. शेखसाहेब रागवत नाहीत. करायचंच असेल तर धैर्याने, सच्चेपणाने, रहमदिलीने आणि स्वतःचा मान राखून कर, आणि एखादा उस्ताद शोध, एवढंच सांगतात. मौलवी म्हणजे खलनायक किंवा विदूषक, ही दोन चित्रं पाहून आपण कंटाळलो आहोत. हा तिसरा मौलवी मला आमच्या गावातल्या पेशइमामांची आठवण देऊन गेला. मुलींच्या इयत्ता पाचवीच्या वर्गासाठी त्यांनी जुम्म्याच्या बयानात दोन वाक्यं टाकली होती, त्या वर्षी पट वाढला.

पण सगळ्यांत जास्त मला विचारात पाडलं ते पहिल्या खलनायकाने. तो स्वतःला ‘इन्व्हेंटर’ म्हणवतो. दिसायला पक्ष्याच्या डोक्याचा, हास्यास्पद. तो शहरातली तरुण मुलं गोळा करतो आणि त्यांच्या शरीरातल्या ऊर्जेवर यंत्रं चालवतो. कमला त्यांना सोडवायला जाते तर कळतं की त्यांना कुणी बांधलेलं नाही. ती आपण होऊन आली आहेत. तुमची पिढी निकामी आहे, जगावर बोजा आहे, निदान जळण म्हणून तरी उपयोगी पडा, असं त्याने पटवलं आहे आणि त्यांना ते पटलं आहे. इथे मोठी मूठ कामाची नाही. कमलाला त्यांच्याशी बोलावं लागतं, तुम्ही बोजा नाही हे पटवावं लागतं.

हे वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले. ‘बोजा’ हा शब्द माझ्या वर्गातल्या मुलींनी किती वेळा ऐकला असेल? बेटी पराया धन. दोन मुलींचा बाप म्हणजे वाकलेली कंबर. हे ऐकून ऐकून मुलीला ते स्वतःचंच मत वाटायला लागतं. आठवीनंतर शाळा सुटते तेव्हा पुष्कळदा तिला कुणी बांधून ठेवलेलं नसतं. ‘टीचर, मैं ही नहीं जा रही’ असं ती म्हणते.

शिक्षकांच्या खोलीत यावर वाद झाला, हेही सांगते. आमचे एक ज्येष्ठ सर म्हणाले, "बाजी, ही अमेरिकेची बाजारपेठ आहे. त्यांना मुसलमान गिऱ्हाईक हवंय, म्हणून मुसलमान बाहुली काढली." सरांच्या बोलण्यात तथ्य आहे. कमला कंपनीची मालमत्ता आहे. 2023 मध्ये कॉमिकच्या एका अंकात तिला मारलं आणि त्याच वर्षी परत जिवंत केलं. तिचा ‘द मार्व्हल्स’ हा सिनेमा त्याच साली तिकीटबारीवर पडला. बाजाराला नको झाली तर ती उद्या दिसणारही नाही. पण बाहुली एकदा लोकांच्या हाती गेली की कंपनीचं सगळंच चालत नाही. जानेवारी 2015 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत बसगाड्यांवर मुसलमानांविरुद्ध विखारी जाहिराती लागल्या होत्या. काही लोकांनी त्यांवर कमलाची चित्रं चिकटवली. कंपनीने हे काम सांगितलं नव्हतं.

आणखी एक धागा आहे, तो थेट आपल्या मुंबईला जोडलेला. 2016 च्या एका अंकात कमलाच्या पणजोबा-पणजीची गोष्ट येते. 1947 साली ते मुंबई सोडून कराचीला निघतात. म्हणजे जर्सी सिटीच्या या मुलीचं मूळ मुंबईत. 2022 च्या मालिकेत फाळणी आणखी ठळक आहे. पणजी आयेशाचं कडं कमलापर्यंत येतं आणि तिची शक्ती त्या कड्यातून जागी होते. फाळणीच्या रात्री स्टेशनवरच्या गर्दीत हरवलेली चिमुरडी सना, म्हणजे कमलाची नानी, त्या भागात दिसते.

माझ्या दादीचा थोरला भाऊ मुंबईच्या गोदीत होता. तो 1947 नंतर बोटीने कराचीला गेला. दादी गेली नाही. तिचे आईवडील इथल्या कबरस्तानात होते, आंब्याची चार झाडं होती आणि खाडी होती. भावाची पत्रं वर्षा-दोन वर्षांनी येत, मग तीही थांबली. जे निघून गेले त्यांची गोष्ट अमेरिकेपर्यंत पोहोचली आणि चित्रांत आली. जे इथे राहिले त्यांच्या नातींची गोष्ट कोण काढणार? दादीच्या हातातही सोन्याच्या दोन पाटल्या होत्या. त्यांतून कुठलाही प्रकाश निघाला नाही. माझ्या बी.एड.ची फी भरायची वेळ आली तेव्हा तिने त्या काढून अब्बांच्या हातावर ठेवल्या. ‘माका आता जड होतंत,’ एवढंच म्हणाली. आमच्या घरातल्या कड्याची करामत ती एवढीच. पण तिच्यामुळे मी आज वर्गात उभी आहे.

कमलाची गोष्ट संपल्यावर मी मुलींना सांगितलं, तुमची कमला काढा. शक्ती तुम्ही ठरवा. चाळीस चित्रं आली. कुणाची कमला पाण्याची टाकी खांद्यावर आणत होती, कुणाची एका हाताने कुवेतहून अब्बांना उचलून आणत होती. एका मुलीने शाळेच्या गणवेशातली मुलगी काढली होती. निळा कुर्ता, पांढरी ओढणी. ती फाट्यावर बसमधून उतरली आहे, आकाश काळं आहे आणि तिचे पाय इतके लांब झाले आहेत की एक पाऊल फाट्यावर, दुसरं थेट घराच्या पायरीवर.

मला चित्राचा अर्थ सांगावा लागला नाही. आमच्या शाळेत वर्ग आठवीपर्यंत. पुढचं हायस्कूल तालुक्याला. गावातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत मिळतो, पण पास फाट्यापर्यंतच नेतो. फाट्यापासून गाव दीड किलोमीटर, दोन्ही बाजूंना काजूची झाडी, दिवा नाही. पावसाळ्यात सहा वाजताच अंधारतं. चित्र काढणारी मुलगी वर्गात पहिली-दुसरी असते आणि नववीला जाणार नाही, असं तिच्या घरात ठरत आलं होतं.

मी ते चित्र घेऊन तिच्या घरी गेले. वडील कुवेतला, निर्णय आजोबांचा. आजोबांनी चहा मागवला, चष्मा लावून चित्र निरखलं. "टीचर, पोरगी हुशार आहे हे आम्हाला का कळत नाही? पण इज्जतीचं काय बरंवाईट झालं तर तिचे पाय काही एवढे लांब होणार नाहीत," ते म्हणाले. त्यांच्या भीतीला मी हसू शकले नाही. रस्त्यावर अंधार आहे, हे खरंच आहे. मी म्हटलं, "पाय लांब होत नसतील तर रस्ता लहान करू या." गावातल्या आणखी सहा मुली तालुक्याला जाऊ शकतात, असा हिशेब मी मांडला. सात मुली एका बसने उतरतील, सात घरांपैकी एकेका घरातला माणूस आळीपाळीने टॉर्च घेऊन फाट्यावर जाईल. आठवड्यात एका घराची पाळी एकदाच. आजोबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "जुम्म्याची पाळी माझी. नमाजनंतर मी मोकळाच असतो."

सातांपैकी पाच घरं तयार झाली. दोन झाली नाहीत. त्यांच्याकडे मी अजून जाते. पाच मुली या जूनपासून नववीत आहेत आणि ग्रामपंचायतीकडे त्या रस्त्यावर चार दिवे मागणारा अर्ज गेला आहे. त्यावर पाच मुलींच्या सह्या मराठीत आणि त्यांच्या घरच्यांच्या उर्दूत आहेत. अर्ज मंजूर होईपर्यंत टॉर्च आहेतच.